टिटो सेनापती म्हणून किती मोठे? नेरेत्वा, सुत्येस्का आणि चार हजार जखमींचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्हियातल्या कम्युनिस्ट गनिमांचे सेनापती असलेले मार्शल टिटो मूळचे कारखान्यातले कामगार, लष्करी शाळेचं तोंड न पाहिलेले. मग त्यांनी जर्मन सैन्याचे वेढे फोडले कसे? आणि याब्लानित्सा इथे नेरेत्वा नदीत कललेल्या त्या लोखंडी पुलाचा फोटो देऊन विचारलं आहे की, स्वतःच पूल पाडून शत्रूला चकवल्याची गोष्ट सांगतात, ती खरी का?

टिटोंची थोरवी डावपेचात फारशी नव्हती. ती फौज बांधण्यात होती. मैदानावरचे त्यांचे काही निर्णय उशिराचे, काही सरळ चुकीचे होते. पण मार खाऊनही न विखुरणारी फौज त्यांनी उभी केली, आणि त्यात सगळ्यात जड ओझं होतं जखमींचं. १९४३ सालच्या दोन्ही मोठ्या लढायांचे, नेरेत्वा आणि सुत्येस्काचे, नकाशे पाहताना बाण कुठून कुठे गेले हे नंतर पाहा, आधी इस्पितळ कुठे होतं ते शोधा. बाकीचे निर्णय त्यावरून उलगडत जातात.

आधी माणूस. योसिप ब्रोझ, म्हणजेच टिटो, यांचा जन्म ७ मे १८९२ चा, क्रोएशियाच्या झागोर्ये भागातल्या कुम्रोवेत्स गावचा. वडील क्रोएट, आई स्लोव्हेन. पंधराव्या वर्षी सिसाक शहरात उमेदवारीला लागले. त्यांच्या धंद्याचं भाषांतर बरेचदा ‘कुलपं बनवणारा’ असं होतं, पण आपल्याकडे कारखान्यात ज्याला फिटर म्हणतात त्याच्याशी ते जास्त जुळतं. पुढे बोहेमिया, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा कारखान्यांतून फिरले. आणि लष्करी अनुभव अगदीच नव्हता असंही नाही. १९१३ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात भरती, सार्जंटची फीत, पहिल्या महायुद्धात कार्पेथियन आघाडीवर टेहळणीच्या तुकडीचं काम. मार्च १९१५ मध्ये बुकोविनात भाल्याने जबर जखमी होऊन रशियनांच्या कैदेत गेले आणि कित्येक महिने इस्पितळात पडून राहिले. १९२० साली परतले ते कम्युनिस्ट होऊन. १९२८ मध्ये झाग्रेबला पकडले गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातला बराच काळ लेपोग्लाव्हाच्या तुरुंगात गेला.

या काळातून युद्धासाठी दोन गोष्टी मिळाल्या. एक, भूमिगत पक्षाची शिस्त: खोटी नावं, बदलते पत्ते, निरोप्यांची साखळी. दुसरी, माणसं. स्पेनच्या यादवीत लढून आलेले युगोस्लाव्ह स्वयंसेवक हे या फौजेचे खरे लष्करी शिक्षक. १९४५ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याच्या चार मुख्य आर्मींचे सेनापती होते पेको दाप्चेविच, कोचा पोपोविच, कोस्ता नाद्य आणि पेतार द्राप्शिन. चौघेही स्पेनमध्ये लढलेले. खुद्द क्रोएशियातल्या टिटोंच्या फौजेच्या मुख्य कचेरीची धुरा आधी इव्हान रुकाव्हिना आणि नंतर इव्हान गोश्न्याक यांच्याकडे होती, तेही स्पेनचेच. म्हणजे ‘एका फिटरने जर्मन सेनापतींना हरवलं’ हे वाक्य ऐकायला छान, पण अर्धंच खरं.

६ एप्रिल १९४१ ला जर्मनीने हल्ला केला आणि १७ तारखेला युगोस्लाव्ह सैन्याने शस्त्रं ठेवली. मधल्या काळात, १० एप्रिललाच, झाग्रेबमध्ये उस्ताशांचं, म्हणजे जर्मनीच्या बाजूच्या क्रोएट फॅसिस्टांचं, राज्य जाहीर झालं होतं. २२ जूनला सिसाकजवळच्या ब्रेझोव्हित्सा जंगलात पहिली पार्टिझान, म्हणजे कम्युनिस्ट गनिमांची, तुकडी जमली. २७ जूनला बेलग्रेडमध्ये टिटोंच्या हाताखाली मुख्य कचेरी स्थापन झाली आणि ४ जुलैला उठावाचा निर्णय झाला.

पहिली मोठी चूक त्याच शरद ऋतूत झाली. पश्चिम सर्बियातलं उझित्से शहर २४ सप्टेंबरला हाती आलं. तिथे बंदुकांचा कारखाना होता. तो चालू करून हजारो रायफली आणि काडतुसं तयार झाली, कारागीर सेनापतीला शोभेल असंच हे काम. पण काडतुसांचं काम बँकेच्या तळघरातल्या तिजोऱ्यांत चालत असे. बॉम्बहल्ल्यापासून ती जागा सुरक्षित होती, पण दारू आणि माणसं एकाच बंदिस्त जागेत ठेवली की काय होतं ते २२ नोव्हेंबरला दिसलं. स्फोट झाला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. आठवडाभरात जर्मन पायदळ येऊन थडकलं. शहर धरून ठेवायचा मोह सोडायला उशीर झाला. २९ नोव्हेंबरला कादिन्याचा खिंडीत कामगारांची बटालियन जवळपास संपूर्ण कापली गेली. माघार घेताना झ्लातिबोर डोंगरावर मागे राहिलेल्या जखमींना जर्मनांनी ठार मारलं.

हा शेवटचा प्रसंग लक्षात ठेवा, कारण पुढचं धोरण यातूनच पक्कं झालं. शत्रू जखमींना कैदी मानत नाही, हे प्रत्येक सैनिकाला कळून चुकलं. जखमी मागे टाकणारी फौज दुसऱ्या दिवशी लढत नाही. प्रत्येकाच्या मनात येतं, उद्या माझी पाळी. तेव्हा जखमींना बरोबर नेणं हा निव्वळ दयाभाव नव्हता, तो फौज टिकवायचा खर्च होता. हा खर्च किती होता, ते पुढे येईलच.

दोनच दिवसांनी, १ डिसेंबरला, माँटेनेग्रोच्या पार्टिझानांनी प्लेव्ल्या शहरातल्या इटालियन ठाण्यावर हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. त्यानंतर लोक घरी निघून जाऊ लागले. स्थानिक तुकडीचा हा जन्मजात दोष. ती आपल्या खोऱ्यासाठी जिवावर उदार होते, पण खोरं गेलं की विरघळते, आणि दुसऱ्याच्या खोऱ्यासाठी लढायला जात नाही. यावरचा उपाय २१ डिसेंबर १९४१ ला रुदो या गावी उभा राहिला: पहिली प्रोलिटेरियन ब्रिगेड, सुमारे १२०० माणसं, सेनापती कोचा पोपोविच. या ब्रिगेडला गाव नव्हतं. हुकूम येईल तिकडे जायचं. प्रत्येक तुकडीत कमांडरच्या जोडीला राजकीय कमिसार, म्हणजे पक्षाचा अधिकारी. शेतकऱ्याचं धान्य चोरलं तर गोळी घालण्यापर्यंत शिक्षा. टिटोंचं सगळ्यात महत्त्वाचं लष्करी काम कोणतं असं विचाराल तर मी नेरेत्वा म्हणणार नाही, रुदो म्हणेन.

आपल्याकडे गनिमी कावा म्हटलं की सह्याद्री आठवतो, म्हणून एक फरक सांगतो. शिवाजी महाराजांच्या फौजेच्या पाठीशी गडकोट होते. दाणागोटा, दारूगोळा, जखमी ठेवायला जागा होती. टिटोंच्या फौजेला गड नव्हता. इस्पितळ, छापखाना, वायरलेस संच, पिठाची पोती, सगळं फौजेबरोबर चालत असे. बाहेरून मदतही नव्हती. १९४२ च्या सुरुवातीला टिटोंचे सहकारी मोशा पियादे माँटेनेग्रोतल्या दुर्मितोर डोंगराखाली महिनाभराहून जास्त रात्री शेकोट्या लावून सोव्हिएत विमानांची वाट पाहत बसले. विमान आलं नाही.

१९४२ च्या उन्हाळ्यात ब्रिगेडी पश्चिम बोस्नियात सरकल्या, ४ नोव्हेंबरला बिहाच घेतलं आणि मोठा सलग प्रदेश हाती आला. तो मोडण्यासाठी जर्मनांनी २० जानेवारी १९४३ ला मोहीम उघडली. जर्मन, इटालियन, उस्ताशा राज्याचं सैन्य आणि चेतनिक (राजाच्या बाजूचे सर्ब गनीम) मिळून नव्वद हजारांच्या आसपास, समोर टिटोंच्या मुख्य फौजेत वीस हजारांच्या घरात. त्या वीस हजारांबरोबर सुमारे चार हजार जखमी आणि आजारी, शिवाय घरदार सोडून निघालेली हजारो कुटुंबं.

आता हिशेब करा. स्ट्रेचरला चार माणसं लागतात. डोंगरात, बर्फात, आलटून पालटून न्यायचं तर आठ. चार हजारांपैकी फक्त एक हजार जखमी पाठीवर पडलेले आहेत असं धरलं, तरी एका वेळी चार हजार खांदे अडकले. म्हणजे फौजेचा पाचवा हिस्सा, गोळी न झाडता. म्हणूनच इटालियन युद्धकैद्यांना स्ट्रेचरला जुंपलं. त्यात टायफस शिरला. उवांवाटे पसरणारा हा ताप थंडीत, एकाच घोंगडीखाली झोपणाऱ्या माणसांत थांबत नाही. तापाच्या भ्रमात माणसं उठून बर्फात चालू लागत. लढाईतल्या जखमींपेक्षा टायफसवाल्यांना सांभाळणं अवघड गेलं.

बेत असा होता: नेरेत्वाच्या खोऱ्यात उतरायचं, वाटेतलं प्रोझोर घ्यायचं, मग कोन्यित्स घेऊन तिथल्या रस्त्याने पूर्वेकडे पार व्हायचं. प्रोझोर दुसऱ्या प्रयत्नात, १६-१७ फेब्रुवारीच्या रात्री पडलं. इटालियन तोफा, ट्रक, हलके रणगाडे मिळाले. पण कोन्यित्स पडेना, आणि तिथे जर्मन कुमक पोचली. दरम्यान मागून, बुगोइनो आणि गोर्नी वाकुफच्या दिशेने, जर्मन डिव्हिजन प्रोझोरकडे सरकू लागली. प्रोझोरच्या आसपास काय होतं? इस्पितळ. दोन-तीन दिवसांत जर्मन थेट जखमींवर येऊन पडले असते.

इथे पुलाचा निर्णय येतो. टिटोंनी पूर्वेकडचा बेत तूर्त सोडून दिला आणि जवळजवळ सगळी ताकद मागे वळवून गोर्नी वाकुफवर टाकायची ठरवली. मग पाठीमागून नदी ओलांडून चेतनिक किंवा इटालियन येऊ नयेत म्हणून १ ते ४ मार्चच्या दरम्यान नेरेत्वावरचे पूल उडवले, त्यात याब्लानित्साचा रेल्वेपूलही. हे काम व्लादिमिर स्मिर्नोव्ह या रशियन वंशाच्या इंजिनियरच्या सुरुंग तुकडीने केलं. ३ ते ५ मार्च कोचा पोपोविचच्या हाताखाली नऊ ब्रिगेडींनी गोर्नी वाकुफसमोर प्रतिहल्ला केला आणि जर्मनांना बुगोइनोकडे रेटलं. चार-पाच दिवसांची उसंत मिळाली. पण उत्तरेला वाट काढण्याइतकी ताकद उरली नव्हती. तेव्हा फौज परत नदीकडे वळली, आणि आपणच पाडलेला पूल समोर!

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आधी पाडून, शत्रूला उत्तरेकडे पाठवून, मग गुपचूप पार व्हायचं असा ठरलेला डाव होता ही युद्धानंतरची मांडणी आहे. घटनाक्रम पाहिला तर ती बेत बदलत गेल्याची साखळी दिसते. पूल पाडणं त्या क्षणी बगल सांभाळण्यासाठी बरोबरच होतं. पण परिणाम मात्र चकव्यासारखाच झाला: याब्लानित्सासमोरच्या डाव्या तीरावर पहारा तुटपुंजा राहिला. तिथून कोणी येईल अशी अपेक्षाच उरली नव्हती.

६-७ मार्चच्या रात्री दुसऱ्या डाल्मेशियन ब्रिगेडचे मोजके हातबॉम्बवाले, नदीत कोसळलेल्या पुलाच्या सांगाड्यावरून सरपटत पलीकडे गेले आणि टोकावरचा चेतनिकांचा बंकर मोडला. मागोमाग आणखी तुकड्या जाऊन तीर धरला. मग स्मिर्नोव्हच्या माणसांनी त्याच सांगाड्याचा आधार घेऊन लाकडी ओंडके, फळ्या, तारा वापरून पाण्यालगत अरुंद पायपूल बांधला. एक दिवसही पुरता लागला नाही. या पुलावरून माणूस जाऊ शकत होता, स्ट्रेचर जाऊ शकत होतं, लगाम धरून घोडा नेता येत होता. ट्रक, रणगाडे आणि जड तोफा जाऊ शकत नव्हत्या. त्या मोडून टाकल्या. दिवसा जर्मन विमानं येत म्हणून वाहतूक मुख्यतः रात्री. आठवडाभरात जखमी पार झाले आणि प्रेन्य डोंगराच्या बर्फातून पूर्वेकडे निघाले. पुढच्या आठवड्यांत चेतनिकांचा जोर मोडला. त्यांचे नेते द्राझा मिहाइलोविच यांची फौज यातून पुन्हा पूर्वीसारखी सावरली नाही.

एक प्रकरण युगोस्लाव्हियात अनेक वर्षं दडपलेलं होतं, ते इथेच येतं. मार्च १९४३ मध्ये टिटोंचे सहकारी मिलोव्हान जिलास, कोचा पोपोविच आणि व्लादिमिर व्हेलेबित जर्मनांशी बोलायला गेले. निमित्त कैद्यांच्या अदलाबदलीचं. पण त्यांनी दिलेल्या निवेदनात चेतनिक हेच मुख्य शत्रू आहेत आणि ब्रिटिश किनाऱ्यावर उतरले तर त्यांच्याशीही लढू, असंही होतं. कैद्यांची काही अदलाबदल झाली, मोठा समझोता हिटलरने होऊ दिला नाही. याला फितुरी म्हणणं अतिरेकी, पण त्याचं एक लष्करी नुकसान झालं असं माझं मत आहे: जर्मन आता काही काळ शांत राहतील असा समज बळावला. शिवाय पार्टिझानांचे वायरलेस संदेश जर्मन उलगडून वाचत होते. आपली जागा शत्रूला ठाऊक आहे, हे मुख्य कचेरीच्या हिशेबात पुरेसं धरलेलं दिसत नाही.

१५ मे १९४३ ला पुढचा वेढा पडला तेव्हा टिटोंची फौज माँटेनेग्रोच्या सीमेवर, पिवा आणि तारा नद्यांच्या खोल दऱ्यांत होती. १६ ब्रिगेडी, २२ हजारांच्या आसपास माणसं. मोठा हिस्सा क्रोएशियातला, त्यातही डाल्मेशियाचा. समोर १ लाख २७ हजार. या वेळी जर्मनांनी रस्ते अडवून न थांबता डोंगरी लढाईत तरबेज डिव्हिजन आणून उंच कडे धरायला सुरुवात केली. वेढ्यात फटी ठेवायच्या नाहीत, हा नेरेत्वाचा धडा ते शिकले होते.

टिटो इथे उशिरा हलले. एक कारण, ब्रिटिशांचं पथक विमानातून उतरायचं होतं. डीकिन आणि स्टुअर्ट हे अधिकारी २७-२८ मेच्या रात्री दुर्मितोरजवळ उतरले. दोस्तांशी जोडलं जाणं राजकीयदृष्ट्या अनमोल होतं, पण तोवर सुत्येस्का नदीकडची वाट आवळत आली होती. जूनच्या सुरुवातीला फौज दोन भागांत तोडायचं ठरलं. पहिली आणि दुसरी डिव्हिजन टिटोंसह सुत्येस्का ओलांडून वायव्येकडे निघाल्या. तिसरी आणि सातवी डिव्हिजन जखमींना घेऊन उलट, तारा नदीकडे जायच्या होत्या. जड हत्यारं पुरली. ताराच्या पलीकडचा तीर शत्रूने आधीच धरला होता, म्हणून जखमींचा भाग परत सुत्येस्काकडे आला, पण दिवस हातचे गेले होते.

अन्नाची अवस्था अशी की घोडे मारून, मांस उकडून, मिठाशिवाय खाणं. बाकी खाजकुइलीसारखी चरचरणारी रानभाजी, चुका, झाडांची पालवी. मीठ नसणं ही किरकोळ गोष्ट वाटते; आठवडाभर चढण चढणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ मिळालं नाही की पाय उचलत नाहीत. कित्येकजण गोळी न लागता वाटेत बसले ते उठलेच नाहीत.

९ जूनला मिलिनक्लादे इथे बॉम्बहल्ल्यात टिटोंच्या डाव्या दंडात तुकडा घुसला. त्यांचा कुत्रा लुक्स मेला, ब्रिटिश कॅप्टन स्टुअर्टही. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या प्रोलिटेरियन ब्रिगेडने दानिलो लेकिच यांच्या हाताखाली बालिनोव्हात्सजवळ फट फोडली. वेढा तुटला तो या ब्रिगेडच्या पुढाकाराने. वरून आलेल्या एखाद्या तल्लख हुकमाने नव्हे. हेच रुदोचं फळ. सेनापती जखमी, संपर्क तुटलेला, तरी खालच्या कमांडरला काय करायचं ते समजत होतं. तिसऱ्या डिव्हिजनच्या नशिबात ते नव्हतं. १३ जूनला त्येन्तिश्तेजवळ तिचा सेनापती सावा कोवाचेविच पडला, आणि मागे राहिलेले शेकडो जखमी डॉक्टर-परिचारिकांसह मारले गेले. एकूण सात हजारांहून जास्त माणसं गेली, फौजेचा जवळपास तिसरा हिस्सा.

मग त्याला विजय का म्हणतात? कारण उरलेल्या ब्रिगेडी महिन्याभरात पूर्व बोस्नियात पुन्हा ठाणी घेत होत्या, आणि डीकिनने हे सगळं डोळ्यांनी पाहून कळवलं. कोण खरोखर लढतंय, याचं उत्तर लंडनला त्यातून मिळू लागलं.

जखमींचा प्रश्न सुटला तो डोंगरात नाही, समुद्रावर. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. पार्टिझान डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या स्प्लित शहरात शिरले, इटालियन सैन्याची शस्त्रं घेतली. जर्मन येईपर्यंत अडीच-एक आठवडे शहर हाती होतं, तेवढ्यात जमेल तेवढं सामान आतल्या डोंगरात नेलं. डाल्मेशियातून हजारो तरुण आले. पुढे व्हिस बेटावरून जखमी इटलीत जाऊ लागले, नंतर विमानांनीही. सुमारे तीस हजार डाल्मेशियन निर्वासित थेट इजिप्तमध्ये, सिनाईतल्या एल शत्तच्या छावणीत पोचले. फौजेच्या पायातली बेडी निघाली, आणि १९४४ च्या हालचालींचा वेग पाहिला की फरक लगेच कळतो. २९ नोव्हेंबर १९४३ ला बोस्नियातल्या यायत्से गावी भरलेल्या पार्टिझानांच्या अधिवेशनात ‘मार्शल’ ही पदवी मिळाली ती या काळातली.

२५ मे १९४४ ला टिटोंना पकडण्यासाठी बोस्नियातल्या द्र्वार इथे जर्मनांनी ६५४ छत्रीधारी आणि ग्लायडर सैनिक टाकले. त्यांनी मुख्य निशाण धरलं होतं गावाच्या दफनभूमीची टेकडी. टिटो नदीपलीकडच्या गुहेत होते. जर्मनांच्या दोन गुप्तहेर यंत्रणा एकमेकींना माहिती देत नव्हत्या, त्याचा हा परिणाम. हाती लागला तो शिंप्याकडे असलेला मार्शलचा गणवेश. टिटो दोरीने उतरून निसटले, जूनच्या सुरुवातीला विमानाने बारीला आणि तिथून जहाजाने व्हिसला गेले.

१९४५ च्या मेमध्ये ऑस्ट्रियातल्या ब्लायबुर्गजवळ उस्ताशा सैन्याने शस्त्रं ठेवल्यावर शरण आलेल्यांच्या झालेल्या कत्तली याच फौजेच्या माथी आहेत. जखमींना न टाकणारी शिस्त कैद्यांच्या बाबतीत तशी दिसत नाही. आपल्याकडचे टिटो मात्र वेगळे, डिसेंबर १९५४ मध्ये ‘गालेब’ जहाजातून मुंबईत उतरलेले, १९५६ मध्ये ब्रियोनी बेटावर नेहरू आणि नासेर यांच्याबरोबर बसलेले. म्हणून मराठी लिखाणात त्यांचा युद्धकाळ दोन ओळींत संपतो.

राहिला तुमचा फोटो. याब्लानित्साच्या संग्रहालयाखाली नदीत कललेला जो सांगाडा दिसतो, तो मार्च १९४३ चा नाही. १९६९ साली आलेल्या युद्धपटासाठी तिथला पूल पुन्हा उडवला, तेव्हाचा तो आहे. आणि गंमत अशी, धूर इतका झाला की ते दृश्य नीट टिपताच आलं नाही. पडद्यावरचा पूल स्टुडिओत छोट्या प्रतिकृतीवर पाडावा लागला.